तिसऱ्या तासाची हवा

४ नोव्हेंबर

प्रिय ताई,

फोनवर तू "बरं आहे" म्हणतेस आणि ठेवून देतेस. म्हणून पत्र. कागदावर माणसाला दोन ओळी तरी खरं बोलावं लागतं. उत्तरही पत्रानेच पाठव.

नोकरीला महिना झाला. बाबांनी गल्लीभर सांगून ठेवलंय की आमची धाकटी हवेच्या खात्यात मोठी अधिकारी झाली. समोरच्या काकूंनी विचारलं, "म्हणजे विमानं उडवते का?" बाबा म्हणाले, "अजून नाही." घरातली पहिली पदवीधर असण्याचे हे भोग. पदवी माझी, पण ती वापरतात बाबा.

काम असं आहे. ठिकठिकाणी हवा मोजणारी यंत्रं बसवली आहेत. त्यातलं एक तुमच्याकडे, तुझ्या भिंगरीच्या शाळेच्या गच्चीवर आहे. धुराने एक पातळी ओलांडली की आम्ही 'सूचना' द्यायची: ज्यांची छाती नाजूक आहे त्यांनी जपा. त्याच्या वरची पातळी ओलांडली की 'इशारा': आता सगळ्यांनीच जपा, शाळांनी मुलं वर्गात घ्या. सूचनेला एक तास पुरतो. तिचा मजकूर मी लिहिते आणि तो सह्यांसाठी वर जातो. इशाऱ्याला मात्र हवा सलग तीन तास वाईट असावी लागते, पण तो यंत्रातून आपोआप सुटतो. त्याला कुणाचीच सही लागत नाही. असं का, म्हणून हेडक्लार्कना विचारलं. ते म्हणाले, "आजवर कधी सुटलाच नाही ना, म्हणून सहीचा रकाना पाडायचा राहून गेला."

साहेबांच्या खोलीत हवा शुद्ध करणारा एक पांढरा डबा आहे. बाहेरून जरा धूर आत आला की त्याचा लाल दिवा लागतो आणि तो घुरघुरायला लागतो. तीन तास थांबत नाही. त्याला वरिष्ठ नाहीत, त्याचा हा परिणाम.

हसू नकोस, पण मला हे काम मनापासून आवडलंय. कुणाला तरी वेळेवर सांगायचं की बाई गं, आज पोराला बाहेर सोडू नकोस, याहून चांगलं काम कुठलं? मुलाखतीत मी हेच बोलले होते. समोरचे तिघेही एकमेकांकडे बघायला लागले. ते भारावले असावेत असं मला तेव्हा वाटलं होतं.

भिंगरीला पापा. भावजींना नमस्कार.

तुझी,
धाकटी

---

१२ नोव्हेंबर

अधिकारीण बाईंना सादर प्रणाम,

पत्र मिळालं. तुझे भावजी म्हणाले, "हवेसाठी एवढं मोठं ऑफिस काढलंय, आणि आम्ही समजत होतो ती फुकट आहे."

आमची हवा उत्तम आहे. सकाळी भट्ट्या पेटल्या की समोरचं दुकान दिसत नाही, त्यामुळे तिथल्या बाईशी भांडण होत नाही. आमच्या लाँड्रीत पांढरे शर्ट वाळत घातले की करडे होऊन खाली येतात. गिऱ्हाईक ओरडतं, "रंग गेला!" मी म्हणते, "गेला कुठे हो, आला." तुझे भावजी ओतकामाच्या कारखान्यातून घरी येतात तेव्हा भिंगरी त्यांच्या कानामागे बोटाने नाव लिहिते. वाचता येतं.

तुमच्या खात्याने शाळेच्या फाटकावर एक विजेचा फळा लावलाय. त्यावर हिरवा चेहरा सदोदित हसत असतो. काही सकाळी फाटक दिसत नाही, पण चेहरा दिसतो. परवा मैदानावर भिंगरीला खोकल्याची उबळ आली, तर मोठ्या बाई तिला म्हणाल्या, "फळा बघ. हसतोय ना? मग तू का खोकतेस?"

हे मैदानाचं नवीन सुरू झालंय. जानेवारीत क्रीडादिन आहे, म्हणून रोज आठला सराव. भिंगरीला रिलेत शेवटची धावपटू केलंय. ती हवेत आहे, म्हणजे त्याच हवेत. तुला माहीत आहे तिची छाती. दप्तरात तिचा दम्याचा फवारा ठेवते, पण तो ओढायला ती मागे थांबत नाही, कारण मागे थांबली तर शेवटची कसली?

मी मोठ्या बाईंकडे गेले. म्हटलं, धूर असेल त्या दिवशी मुलांना आत घ्या. त्या म्हणाल्या, "हवा खात्याचा इशारा आला की एका शिट्टीत सगळी मुलं वर्गात. नियम म्हणजे नियम. इशारा नाही, तर मैदान." बाई नियमाच्या इतक्या पक्क्या आहेत की शाळेला आग लागली तरी मधल्या सुट्टीची घंटा होईपर्यंत कुणाला हलू देणार नाहीत.

तेव्हा बाईसाहेब, तो तुमचा इशारा जरा आमच्याकडे पाठवा. एवढं शिकवलंय तुला, एक शिट्टी वाजवता येत नाही?

तुझी अशिक्षित,
ताई

---

१९ नोव्हेंबर

प्रिय ताई,

"अशिक्षित" पुन्हा लिहिलंस तर पत्र परत पाठवीन.

तुझं वाचून मी शाळेच्या गच्चीवरच्या यंत्राचे आकडे काढून बघितले. ताई, तुझे शर्ट खोटं बोलत नाहीत. सकाळी सात ते आठ हवा इशाऱ्याच्या पातळीवर. आठ ते नऊ पातळीवर. आणि नऊ ते दहा? कोरं. दुसऱ्या दिवशी तसंच, तिसऱ्या दिवशी तसंच. दहानंतर वारा सुटतो आणि धूर पुढच्या गावाला भेटायला जातो.

मी यंत्रवाल्यांना फोन लावला, तुमच्याकडे गच्चीवर असतात ते. ते म्हणाले, "अहो ताई, नऊ ते दहा माझी शून्य तपासणी असते ना." म्हणजे काय, तर यंत्र बरोबर मोजतंय की नाही हे बघायला रोज तासभर त्याला सिलिंडरमधली शुद्ध हवा द्यायची. तो तास मोजत नाहीत. आणि मध्ये एक तास कोरा आला की सलग तीनची मोजणी पुन्हा पहिल्यापासून. इशारा सुटेपर्यंत तुमचा फळाही हिरवाच राहतो. तेव्हा तुमच्याकडची हवा रोज दोन तास विषारी असते आणि तिसऱ्या तासाला तपासणीवर असते. तुमच्या गावात शुद्ध हवा मिळणारं ते यंत्र एकटंच आहे.

"पण नऊलाच का?" मी विचारलं. तर त्यांची ड्यूटी नऊला सुरू होते, आल्या आल्या तेवढं उरकलं की दिवस मोकळा. माणूस वाईट नाही, भिंगरीची चौकशी करत होता. नियमातही "यंत्रावरील कर्मचाऱ्याच्या सोयीने" एवढंच लिहिलंय. त्यांची सोय नऊला झाली, झालं. कुणी मुद्दाम काही केलेलं नाही. मला याचंच जास्त वाईट वाटलं. मुद्दाम केलं असतं तर निदान भांडायला कुणी सापडलं असतं.

मी लगेच टिपण लिहिलं: तपासणी दुपारी घ्यावी. साहेबांनी ते माझ्यासमोर पूर्ण वाचलं, मान हलवली आणि वर लिहिलं, "सूचना स्तुत्य." मग त्यावर समिती नेमली. मी इतकी खूश झाले की हेडक्लार्कना चहा पाजला. त्यांनी चहा पिऊन झाल्यावर सांगितलं की मागची समिती खिडकीच्या काचेसाठी नेमली होती. ती काच माझ्याच टेबलामागे आहे. पुठ्ठा लावलाय.

तोवर एक करू. सूचनेला एकच तास लागतो. उद्यापासून तुमच्याकडे आठ वाजता पातळी ओलांडली की मी सूचना पाठवते. ती दाखवून भिंगरीला आत ठेव. समिती बसेपर्यंत एवढं तरी माझ्या हातात आहे.

तुझी,
धाकटी

---

३० नोव्हेंबर

प्रिय धाकटे,

तुझी सूचना पोचली. दुपारी चार वाजता.

शाळेच्या फलकावर लावली होती, मी उभी राहून वाचली. "आज सकाळी हवेची गुणवत्ता काहीशी असमाधानकारक असण्याची शक्यता होती. संवेदनशील व्यक्तींनी सकाळी बाहेर पडणे शक्यतो टाळावे." मी तिथल्या शिपायाला विचारलं, "सकाळी टाळायचं, ते आता कसं टाळू?" तो म्हणाला, "उद्याचं सकाळचं टाळा." म्हटलं, "उद्याची सूचना?" म्हणाला, "ती परवा वाचा."

हे "काहीशी" आणि "शक्यतो" तू लिहिलंस? मी तुला ओळखते, लहानपणी बाबा खोटं बोलून पाहुण्यांना परत पाठवायचे तेव्हा तू आतून ओरडायचीस, "बाबा घरात आहेत!"

तरी मी तो कागद घेऊन मोठ्या बाईंकडे गेले. बाईंनी दोनदा वाचला. म्हणाल्या, "मुलगी संवेदनशील असल्याचा डॉक्टरांचा दाखला आणा." घरी येऊन हे तुझ्या भावजींना सांगितलं, तर ते म्हणाले, "माझाही आण. लग्न झाल्यापासून तू म्हणतेस मी संवेदनशील नाही, एकदा लेखी होऊन जाऊ दे."

डॉक्टरांकडे जाऊन आले. दाखला मिळाला. भिंगरीने तो रस्त्यात माझ्या पिशवीतून काढला आणि त्याचं विमान केलं. म्हणाली, "मी नाजूक नाही. मी शेवटची धावपटू आहे." मी ओरडले, तर तिने विचारलं, "आई, मावशी म्हणाली का हवा वाईट आहे? तर मी नाही धावणार." म्हटलं, मावशी म्हणाली ना, कागदावर. "तो कागद चारला आला," ती म्हणाली. "मावशी कधी उशीर करत नाही. तो तिचा नसणार."

बघ, तुझ्यावर विश्वास ठेवून पोरगी धावते आहे.

ताई

---

२८ डिसेंबर

प्रिय ताई,

महिना होत आला, तुझं पत्र नाही. दोनदा फोन केला, दोन्ही वेळा "बरं आहे". रागावलीस ना? रागाव. शेवटचं पत्र मी इतक्यांदा वाचलंय की घडीवर फाटायला आलंय.

"काहीशी" माझं नाही. मी लिहिलं होतं, "हवा वाईट आहे. मुलांना घरात ठेवा." हेडक्लार्कनी "वाईट"चं "असमाधानकारक" केलं. उपसाहेबांनी "काहीशी" घातलं. साहेबांनी "शक्यता" घातली. एवढं होईपर्यंत हवा सुधारली, म्हणून शेवटी "आहे"चं "होती" करावं लागलं. मी दोनदा भांडले. तिसऱ्यांदा उपसाहेब प्रेमाने म्हणाले, "मुली, आपलं काम घबराट रोखणं." मी म्हटलं, मला वाटलं धूर रोखणं. ते खूप हसले. त्यांनी तो विनोद सगळ्यांना सांगितला.

समितीचाही निर्णय आला. तपासणीची वेळ मध्येच बदलली तर मागच्या वर्षाशी तुलना करता येणार नाही, म्हणून विषय पुढच्या वर्षी.

आणि आता बस, नाहीतर उभीच राहा. आमच्या कक्षाला ढाल मिळाली आहे. चांगली मोठी, पितळी, फिरती. कशासाठी? वर्षभरात एकही इशारा द्यावा लागला नाही म्हणून. समारंभ तुमच्या शाळेत आहे, २० जानेवारीला, क्रीडादिनाच्या सकाळी, कारण आकडे सगळ्यात सुंदर तुमच्याच यंत्राचे आहेत. मुलं साहेबांसमोर धावणार. मी म्हटलं, दुपारी ठेवू या. साहेबांना दुपारी दुसरीकडे झाडं लावायची आहेत.

भाषण लिहायला मला सांगितलंय. "तू पदवीधर, तुझी भाषा चांगली." बाबांना हे कळवू नकोस, ते गल्लीत वाटतील.

भिंगरीचा रिलेचा सराव कसा चाललाय? एक ओळ तरी लिही गं.

धाकटी

---

३ जानेवारी

धाकटे,

एक ओळ लिहिते. भिंगरी हॉस्पिटलमध्ये होती.

तू फोन केलास तेव्हा दोन्ही वेळा मी तिथल्याच व्हरांड्यात उभी होते. "बरं आहे" म्हटलं, कारण तू नोकरी सोडून धावत आली असतीस आणि बाबांनी विचारलं असतं की एवढं शिकवून पोरगी परत कशी आली.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात झालं. सराव संपत आला होता, सव्वानऊ झाले असतील. ती शेवटचा टप्पा पूर्ण धावली, हातातली काठी मोठ्या बाईंना दिली आणि तिथेच बसली. बाईंना वाटलं दमली. ओठ निळे झाले तेव्हा कळलं की श्वास आतच जात नाहीये. यंत्रवाल्यानेच तिला उचलून रिक्षात घातलं. तो गच्चीवरून सगळं बघत होता. त्याची तपासणी चालू होती ना, तुझा तो तिसरा तास.

पाच दिवस नाकाला नळी होती. तू लिहिलं होतंस, गावात शुद्ध हवा मिळणारं ते यंत्र एकटंच आहे. आता दोघं झाली. तिलाही सिलिंडरमधूनच मिळाली.

आता घरी आहे. जिना चढताना मध्ये बसते. धावायचं नाही असं डॉक्टरांनी सांगितलंय, कधीपर्यंत ते सांगितलेलं नाही. मोठ्या बाई भेटायला आल्या होत्या. फळं आणली होती. दाराशी थांबून म्हणाल्या, "फळा हिरवा होता हो." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. होताच हिरवा.

भिंगरीने विचारलं, "मावशीचं यंत्र तेव्हा झोपलं होतं का?" मी म्हटलं, नाही बाळा, त्याला ढाल मिळाली.

तू ये म्हणून लिहिलेलं नाही. तू भाषण लिही. छान लिही.

ताई

---

८ जानेवारी

ताई,

काय लिहू? तीन कागद फाडले. क्षमा वगैरे शब्द आमच्या ऑफिसातून तपासून आल्यासारखे वाटायला लागलेत.

भाषण लिहून झालं. साहेबांना फार आवडलं. त्यात मी एक गोष्ट सुचवली तीही आवडली: ज्यांच्या यंत्रामुळे ढाल मिळाली त्या यंत्रवाल्यांचा व्यासपीठावर पुष्पगुच्छ देऊन सत्कार करावा. नऊ वाजल्यापासून त्यांना मानाने खुर्चीवर बसवावं आणि सत्कार सगळ्यात शेवटी ठेवावा. साहेब म्हणाले, "छोट्या माणसाची आठवण ठेवलीस, शाबास." मी त्या दिवशी येणार नाही. कुणीतरी कक्ष सांभाळायला हवा.

एक मागणं आहे. २० तारखेला तू जा. भिंगरीला घरीच ठेव, खिडक्या लावून. तू मात्र शेवटपर्यंत थांब.

धाकटी

---

२० जानेवारी

धाकटे, माझे बाई,

आधी कबूल करते. तुझं पत्र वाचून मी इतकी चिडले की उत्तरच दिलं नाही. माझी पोरगी जिन्यात बसते आणि ही त्या यंत्रवाल्याला फुलं देते! तुझे भावजी म्हणाले, "थांब, ती आतून ओरडणारी पोर आहे." मी त्यांच्यावरही चिडले. तरी गेले, कारण तू थांब म्हणालीस.

आता ऐक. धूर असा होता की व्यासपीठावर कोण बसलंय ते माईकवर नाव घेतल्यावर कळत होतं. फळा हिरवा, हसरा. मुलं आठपासून रांगेत उभी, निम्मी खोकत होती. मी मोठ्या बाईंकडे बघितलं, त्यांनी फळ्याकडे बघितलं. यंत्रवाला बिचारा नवा शर्ट घालून नऊपासून खुर्चीत. मध्येच उठून गच्चीकडे निघाला, "माझी तपासणी राहिली" म्हणाला, तर तुमच्या हेडक्लार्कनी त्याला खांदे धरून खाली बसवलं. "आज तुम्ही सत्कारमूर्ती. आज काम नाही."

साहेब साडेनऊला आले, भाषणाला उभे राहिले. तुझी भाषा खरंच चांगली आहे गं. वाक्यं इतकी लांब की साहेबांना मध्ये पाणी प्यावं लागलं. खोकलेही. दहा वाजले तरी चालूच. मग ढाल दोन्ही हातांनी वर धरली आणि म्हणाले, "संपूर्ण वर्षात एकही इशारा..."

आणि फळा लाल झाला.

लाल चेहरा त्यात आहे हेच आम्हाला कुणाला माहीत नव्हतं. तोंड वाकडं, भुवया चढलेल्या, अगदी आपल्या आत्याबाई. मग भोंगा. मग मैदानावरच्या प्रत्येकाच्या खिशातला फोन ओरडायला लागला. साहेबांचाही. हातात ढाल, त्यामुळे त्यांना तो बंद करता येईना. छातीजवळच्या खिशातून बाई बोलत होती: "इशारा. हवा सर्वांसाठी घातक आहे. मुलांना तात्काळ आत न्यावे." एकही "काहीशी" नाही, एकही "शक्यतो" नाही. तुझा तो इशारा ना हा? ज्याला सही लागत नाही तो?

साहेब म्हणाले, "तांत्रिक बिघाड आहे, सर्वांनी बसून घ्या." पण मोठ्या बाई उठल्या होत्या. त्यांनी शिट्टी तोंडाला लावली. धाकटे, अशी शिट्टी मी जन्मात ऐकली नाही. दीड महिन्याचा दम साठवून ठेवला होता त्यांनी. सगळी शाळा वळली आणि वर्गात चालायला लागली. उपसाहेब आडवे गेले, "अहो, कार्यक्रम!" बाई म्हणाल्या, "नियम म्हणजे नियम. तुम्हीही आत चला, नाहीतर मुलांच्या वाटेतून बाजूला व्हा." मग आयाही निघाल्या. रिकाम्या मैदानासमोर साहेब ढाल धरून उभे, आणि त्यांच्या शेजारी यंत्रवाला, गुच्छाची वाट बघत.

घरी येऊन भिंगरीला सांगितलं. ती म्हणाली, "यंत्र उठलं?" म्हटलं, तुझ्या मावशीने उठवलं.

आता तुझं काय होणार ते कळव. मला भीती वाटते आहे.

ताई

---

२ फेब्रुवारी

प्रिय ताई,

भिऊ नकोस. मी काहीच केलेलं नाही, हे आता लेखी सिद्ध झालंय.

चौकशी झाली. यंत्र बिघडलं होतं का? नाही. हवा घातक होती का? होती. मग चूक कोणती? तपासणी झाली नाही. का नाही? सत्कार होता. सत्कार कुणी मंजूर केला? इथे साहेबांनी चष्मा पुसायला घेतला. मला विचारलं, "तुला माहीत होतं असं होईल?" मी म्हटलं, "हो." मग म्हटलं, "टिपणातही तेच लिहिलं होतं. तुम्ही वर 'स्तुत्य' लिहिलंय." चौकशीची फाइल तिथेच मिटली.

एक मात्र तुला सांगते. मुलं त्या दिवशीही दहापर्यंत धुरात उभी होती. मला त्यांना आठलाच आत पाठवायचं होतं. जमलं ते एवढंच, आणि ते मला पुरेसं वाटत नाही.

ढाल परत गेली. खोकं सापडत नव्हतं, पुठ्ठ्यात बांधली. माझ्या खिडकीचा पुठ्ठा.

आता बातमी. यंत्रवाल्यांना मुख्यालयात बोलावलंय. सत्कार मंजूर झालेल्या माणसाला गच्चीवर ठेवणं बरं दिसत नाही, आणि मंजुरी परत घेता येत नाही. त्यांची जागा रिकामी झाली. "तिथे एका उत्साही व्यक्तीची गरज आहे," असं साहेब म्हणाले. हुद्दा खालचा, ऑफिस नाही, खुर्चीही नाही, फक्त एक गच्ची आणि एक यंत्र. सगळ्यांनी माझं सांत्वन केलं. हेडक्लार्क म्हणाले, "शिक्षा आहे पोरी, पण मनाला लावून घेऊ नकोस." मी चेहरा पाडून बसले होते. बाहेर जिन्यात आले आणि नाचले.

कारण नियम तोच आहे ताई: तपासणी यंत्रावरील कर्मचाऱ्याच्या सोयीने. माझी सोय दुपारी तीनला आहे.

बाबांना सांगितलं, बढती झाली, सगळ्यात वरच्या मजल्याच्याही वर बसवलंय. ते गल्लीत निघालेत.

सोमवारी येते. राहायला जागा आहे का?

तुझी,
धाकटी

---

६ फेब्रुवारी

धाकटे,

जागा विचारतेस? इस्त्रीच्या खोलीतला पलंग मोकळा केलाय. तुझे भावजी विचारत होते, अधिकारी येणार तर कानामागून धुऊन येऊ का. मी म्हटलं, राहू दे, तिला पुरावा लागतो.

मोठ्या बाईंनी सराव दुपारी नेलाय. इशारा असो नसो. म्हणाल्या, "नियम मीही करू शकते." भिंगरी अजून धावत नाही. बाईंनी तिला शिट्टी दिली आहे, शर्यत सुरू करायला. ती फुंकायला दम लागतो, म्हणून रोज थोडी थोडी वाजवते. काल शेजाऱ्यांनी तक्रार केली, तेव्हा मला फार बरं वाटलं.

तुझ्या खोलीची खिडकी सध्या लावून ठेवली आहे. ती कधी उघडायची आणि कधी लावायची, ते आता तू सांगायचंस. फक्त एक कर. आधी सांग.

तुझी,
ताई